बाईंनी चावून पाहिलेले टॅब

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या टॅब खात होत्या.

आता हा मास्तर फुगवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. फुगवतो मी, नाकारत नाही. आमच्या घराण्यात साधा ताप कुणालाच आला नाही. आला तो डॉक्टरांनी हात टेकलेलाच आला. पण ही गोष्ट जशीच्या तशी घडलेली आहे. हिंगणघाटच्या बाहेर, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मागच्या अंगाला विशेष मुलांची निवासी शाळा आहे. तिथे मी हस्तकलेचा मास्तर म्हणून हजर व्हायला गेलो. ऑफिसात कुणी नव्हतं. वर्गात डोकावलो तर पन्नाशीच्या एक धिप्पाड बाई खुर्चीवर मांडी घालून बसलेल्या, आणि हातातल्या टॅबच्या कोपऱ्याला उसाच्या कांडक्यासारखा कडकडून चावा घेतलेला. मी दारातच थिजलो. बाईंनी टॅब तोंडातून काढला, कव्हरावर उमटलेले दात बोटानं चाचपले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "हे बी नाई टिकत. तुमाले शिवता येते काय, मास्तर?"

येतं, म्हणालो. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका निघाल्या. झाली माझी मुलाखत.

बाईंचा आवाज हा वेगळाच विषय आहे. जिनिंगचा भोंगा बिघडला की तिथले मजूर बाईंच्या "चला रे जेवाले" वर डबे सोडायचे, असं मी सगळीकडे सांगतो. जिनिंगचे लोक हे नाकारतात, पण मशिनीपाशी उभं राहून त्यांना तसंही कमीच ऐकू येतं. बाई हळू बोलल्या तर वणा नदीच्या या काठाला ऐकू जायचं, चिडल्या तर त्या काठाला. आणि बाई बहुतेक वेळ चिडलेल्याच असायच्या. सकाळी दूधवाल्यावर, दुपारी पंख्यावर, आणि दिवसभर, न थकता, "सांभाळून ठेवा" म्हणणाऱ्या माणसांवर.

त्याचं कारण ते टॅब. एका कंपनीनं ते शाळेला दिले होते. सोबत कव्हरं होती, लग्नपत्रिकेच्या जाडीची. ती निवडणाऱ्या साहेबांनी आमची पोरं कधी पाहिलेली नसणार. आमचं पोरगं टॅब फेकतं, चावतं, लाळेनं भिजवतं. आवडला तर छातीशी आवळतं, फारच आवडला तर भिंतीवर हाणतं. त्यात राग नसतो. आनंद अंगात मावेना की हातातली वस्तू उडणारच. पहिल्याच आठवड्यात काचा तडकल्या, आणि जो तो सांगू लागला की असल्या पोरांच्या हाती असल्या वस्तू देऊच नयेत. बाईंनी उलटं धरलं. "पडन," त्या म्हणायच्या, "शंभरदा पडन. पोरगं काय टॅबसाठी आहे काय? टॅब पोरासाठी आहे. आपुन पडाची सोय करू."

ती सोय म्हणजे मी आणि माझी शिलाई मशीन.

पहिली कव्हरं कापसाची शिवली. हिंगणघाटात कापसाला काय तोटा! बाळाच्या दुपट्यासारखी मऊ गादी, चारी बाजूंनी टाके. टॅब पडला तरी आवाज येईना. मग एप्रिल लागला. त्या गादीतला टॅब असा तापला की बाईंनी त्यावर पापड भाजून माझ्या पुढ्यात ठेवला. थोडा कच्चा होता, पण मुद्दा कळला. मग ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर आणलं. त्याच्या वासानं एक पोरगं वर्गाच्या उंबरठ्यावरूनच नाक धरून परत जायचं. शेवटी चपला बनवणाऱ्याकडून तळाला लावतात तो जाड फोम मिळाला. हलका, धुता येणारा, दात रुततात पण तुकडा पडत नाही, मागे हवेला भोकं पाडता येतात. वर बादलीच्या कडीसारखी मूठ बसवली. बाईंनी एक कव्हर चावलं, दुसरं गच्चीवरून खाली टाकलं. आत टॅब होता. तो खाली पडला, उसळला, आवारात बांधलेल्या म्हशीच्या पाठीवर आदळून पुन्हा उसळला आणि चालूच राहिला. म्हैस आटली.

तेव्हापासून शाळेत पाहुणा आला की बाई त्याच्या हाती टॅब द्यायच्या आणि तो न्याहाळत असतानाच खालून फटका मारून उडवायच्या. पाहुणा किंचाळायचा. बाई शांतपणे म्हणायच्या, "उचला. काई नाई होत त्याले. तुमालेच झालं."

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला गौरी दिसेपर्यंत नीट कळलं नव्हतं.

गौरी आष्टीकडच्या एका खेड्यातली. आठ-नऊ वर्षांची, तोंडात शब्द नाही, डोळ्यांत मात्र अख्खी ग्रामसभा. टॅबवर चित्रं असतात: पाणी, भात, आई, कान, पोट, दुखते, नाही. चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द बोलतो. मुळात तो बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात बोलायचा, "मला तहान लागली आहे." ते ऐकून बाईंचा पारा चढला. आष्टीची पोरगी अशी बोलन काय, म्हणून त्यांनी रविवारी भेटायला आलेल्या गौरीच्या मोठ्या बहिणीला धरून बसवलं आणि एकेक शब्द तिच्याकडून बोलून घेतला. आता बोट ठेवलं की टॅबमधून गौरीच्या घरचा आवाज यायचा. "मले पानी दे." "पोट दुखते." "नाई."

पहिले काही दिवस गौरीनं फक्त "नाई" दाबलं. भात? नाई. अंघोळ? नाई. फुगडी? नाई. आम्ही वैतागलो. बाई मात्र लेकीचं लग्न ठरल्यासारख्या खूश. जन्मल्यापासून जिच्या तोंडात जो तो घास कोंबत आला, ती आधी हेच म्हणणार की नाही? बाईंचा हुकूम होता: गौरी नाई म्हणाली की ताट उचलायचं, मग समोर कुणीही असो. आणि खरंच, ऐकलं जातंय हे कळल्यावर पोरगी हळूहळू भात मागू लागली.

मी तिच्या टॅबला कव्हर बसवलं त्यात बाजूचं आवाजाचं बटण फोमखाली गेलं होतं. बाईंनी ते कव्हर माझ्या टेबलावर आपटलं. "मास्तर, लेकराचं तोंड शिवलं तुम्ही." मी ब्लेडनं तिथे खिडकी कापली. गौरीला ती खिडकी फार आवडली. आपलं म्हणणं मोठ्यानं ऐकवायचं असलं की ती बोट आत घालून बटण दाबत बसायची. कुणीतरी आवाज कमी कर म्हणालं की बाई म्हणायच्या, हळू बोलायचं ती सावकाश शिकेल, आधी मोठ्यानं बोलून घेऊ दे.

आता भैयाजी. भैयाजी संस्थेचे सचिव. पिढीजात कापसाचे व्यापारी, पांढरेशुभ्र कपडे, गोड बोलणं. त्यांच्या घरी मी गेलेलो आहे. सोफ्याला प्लॅस्टिक, फ्रीजला प्लॅस्टिक, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक. नातवाला तेवढं नव्हतं. मापाचं मिळालं नसेल. सोफ्यावर बसलं की असा आवाज व्हायचा की पाहुणा लाजून उभाच राहायचा. पण माणूस वाईट नव्हता, आणि माझं डोकं फिरतं ते इथेच. वाईट माणसाच्या अंगावर धावून जाता येतं. काळजी घेणाऱ्याशी कसं भांडायचं? या देशात जेवढ्या वस्तू वापरून मोडल्या, त्याच्या दसपट जपून मेल्या असतील, आणि जपणाऱ्याची कुणी चौकशी करत नाही.

खंडेनवमीला भैयाजी पूजेचं ताट घेऊन शाळेत आले. त्यांच्या जिनिंगच्या मशिनींची पूजा झाली होती, वजनकाट्याची झाली होती, गाड्यांना हार पडले होते. मग लेकरांच्या टॅबची का नको? ती तर सरस्वती. पाट मांडला, टॅब आणायला सांगितले. मी आणले. भैयाजींनी कव्हर दाबून पाहिलं, कौतुकानं विचारलं की हे कशाचं. मी भाबडेपणानं खरं ते सांगितलं.

भैयाजींचा हात चटका बसल्यासारखा मागे गेला. "चपलेचं? मास्तर, सरस्वतीले चप्पल घातली तुम्ही?"

सगळी कव्हरं काढून दाराबाहेर, पोरांच्या चपलांच्या रांगेत ठेवली गेली. टॅब उघडे होऊन पाटावर बसले. प्रत्येकाच्या काचेवर हळद, कुंकू, अक्षता. मग आंब्याच्या पानानं कलशातलं पाणी. बाईंनी सांगितलं, भैयाजी, पाणी आत जाईल. भैयाजी म्हणाले, गंगाजल आहे. बहुतेक गंगाजल टॅबच्या भोकाशी येऊन विचार करतं आणि मागे फिरतं. वर नारळ फोडला, त्याचंही पाणी टॅबवरच. मी इतकी पूजा देवाची झालेली पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी एक टॅब उठलाच नाही. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला तेव्हा आतून कुंकवाचा चिखल आणि तांदळाचा एक अख्खा दाणा निघाला. दुसरा, कव्हर नसल्यामुळे, एका पोराच्या हातून फरशीवर पडला आणि त्याची काच गेली. भैयाजींना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी दोन्ही टॅब हातात घेऊन मान हलवली आणि म्हणाले, "पोरांनी नास केला, बाई. त्यांचा तरी काय दोष, त्यांले समजत नाई."

पोरांनी! तांदूळ पोरांनी पेरला, नारळ पोरांनी फोडला! आजही हे लिहिताना माझे कान तापतात. उरलेले सगळे टॅब भैयाजींनी स्वतःच्या हातानं पुसले, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले आणि ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवले. किल्ली कमरेच्या करगोट्याला. कंपनीचे लोक पाहायला येतील तेव्हा नवे दिसले पाहिजेत, तोवर कुणी हात लावायचा नाही.

गौरीचा टॅबही त्यातच गेला. पहिला दिवस ती कपाटापुढे बसली. दुसऱ्या दिवशी तिनं जेवण सोडलं. मग ती भिंतीवर डोकं आपटू लागली. सगळ्यांनी निदान केलं: टॅबची सवय लागली होती, हट्ट आहे, जाईल. भैयाजींनी तिच्यासाठी बाहुली पाठवली. प्लॅस्टिकसकट. गौरी डोकं आपटत राहिली, नेहमी एकाच बाजूनं, आणि ते बाईंच्या ध्यानात आलं. डॉक्टरकडे नेलं तर कान आतून पिकलेला. पडदा थोडक्यात वाचला, डॉक्टर म्हणाले, आणि आम्हालाच झापलं की लेकरू इतके दिवस सांगत नव्हतं काय?

सांगत नव्हतं! कान, दुखते. दोन चित्रं. दोन बोटांचं काम. ती दोन चित्रं करगोट्याच्या किल्लीमागे निवांत पडली होती, एक ओरखडा नसलेली.

बाई डॉक्टरकडून थेट भैयाजींकडे गेल्या, मीही मागे. मला वाटलं होतं आज सोफ्याचं प्लॅस्टिक फाटणार. भैयाजींनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, औषधाचं मी पाहतो म्हणाले. टॅबचं विचारलं तर म्हणाले, "बाई, लेकराचं न बोलता समजते आपल्याले. आपुन आहो ना तिच्यासाठी बोलाले."

बाई म्हणाल्या, आणि हे त्यांनी हळू म्हटलं, म्हणून मला भीती वाटली, "असं काय? मंग तिच्यासंगं माहाबी आवाज ठेवा कपाटात."

आणि बाई बोलायच्या थांबल्या.

हा वर्धा जिल्हा आहे. मौन पाळणारी माणसं इथे नवीन नाहीत. पण तालुक्यातला सगळ्यात मोठा आवाज बंद होणं म्हणजे काय, ते अनुभवावंच लागतं. पोरं जेवायला येईनात, कारण हाक नाही. कावळे आवारात उतरू लागले. म्हैस पुन्हा दूध देऊ लागली. बाईंना काही हवं असलं तर त्या बोट दाखवायच्या. लिहूनही देईनात. मी कागद-पेन पुढे केलं तर त्यांनी गौरीकडे बोट केलं आणि पेन खिडकीबाहेर भिरकावलं. गौरीला लिहिता येत नव्हतं, मग बाईंनाही येत नव्हतं.

भैयाजी समजूत घालायला यायचे. बाई कपाटाकडे बोट दाखवायच्या. भैयाजी म्हणायचे, पंखा पाहिजे का? चहा? रजा? बाईंचं म्हणणं असं दिसतं की त्यांची तब्येत बरी नाही. बाई पुन्हा बोट दाखवायच्या. भैयाजी चहा मागवायचे. बाईंच्या पुढ्यात मी एवढे चहा गार होताना पाहिलेत की त्यात पोहता आलं असतं. बाईंचा चेहरा लाल व्हायचा, मुठी वळायच्या, आणि गौरी कोपऱ्यात बसून हे सगळं बघत असायची, ओळखीचं काहीतरी बघावं तशी.

मग कंपनीच्या मॅडम नागपूरहून आल्या. तर्री-पोहे झाले, हार झाले. भैयाजींनी करगोट्याची किल्ली काढून कपाट उघडलं. सगळे टॅब रांगेत, नवऱ्या मुलीसारखे गुंडाळलेले. मॅडमना आनंद झाला. त्यांनी एक चालू करायला घेतला. होईना. दुसरा घेतला. होईना. इतके दिवस चार्जिंगशिवाय पडलेले, एकातही जीव नव्हता. मॅडमनी बाईंना विचारलं, मुलं यावर काय काय करतात? बाई गप्प. भैयाजी पुढे झाले. बाईंचा घसा बसला आहे, त्यांचं म्हणणं असं की टॅब सुरक्षित राहिले पाहिजेत. बाईंच्या नाकपुड्या अशा फुगल्या की मी मॅडमच्या पुढ्यातली तर्री बाजूला घेतली.

पण बाई बोलल्या नाहीत. त्यांनी रांगेतून गौरीचा टॅब उचलला, वरचं प्लॅस्टिक दातांनी फाडलं, चार्जिंगला लावला. मग आपल्या पिशवीतून फोमचं कव्हर काढलं, ते खिडकीवालं, कोपऱ्यावर त्यांच्याच दातांचे वण असलेलं, आणि टॅबला घातलं. भैयाजींनी डोळे मिटून घेतले. टॅब चार्ज होईस्तोवर सगळे उभे होते, कारण कसं बसावं ते कुणाला कळेना.

पडदा उजळला तशी गौरी पुढे आली. भैयाजी वाकून म्हणाले, बेटा, काय पाहिजे? संत्रं? चॉकलेट? गौरीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. चित्रं सरकवली. आधी बाईंच्या फोटोवर बोट ठेवलं, मग उघड्या तोंडाच्या चित्रावर. तिच्या बहिणीचा आवाज आला.

"बाई. बोल."

बाई तिच्यापुढे वाकल्या. "बोलतो, माय," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला वाटलं आता हा असाच राहणार. पण मग त्यांनी मॅडमकडे तोंड वळवलं, आणि कलशातल्या पाण्यापासून कानातल्या पुवापर्यंत सगळं एका दमात सांगितलं. वणेच्या त्या काठाला बसलेले बगळे उडाले. मॅडम खुर्चीत बसल्या आणि बसूनच राहिल्या. मग त्या वसतिगृह पाहते म्हणून उठल्या.

त्यांची पाठ फिरली तसे भैयाजी गौरीजवळ आले. चेहऱ्यावर तीच माया, जराही ओशाळलेपण नाही. झालं ते झालं, पण वस्तू ती वस्तू. एका हातात किल्ली, दुसरा हात पुढे. "दे बेटा. जागेवर ठेवतो. फुटून जाईन."

गौरीनं टॅबची मूठ घट्ट धरली आणि बोट ठेवलं. "नाई."

भैयाजी हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "चुकून दाबलं वाटते," आणि त्यांनी कव्हराची कड धरली. मी पुढे व्हायला लागलो, तर बाईंनी माझा दंड असा आवळला की अजून दुखतो. त्यांना मी नको होतो.

गौरीनं भैयाजींच्या डोळ्यांत पाहिलं. मग तिनं बोट त्या खिडकीतून आत घातलं आणि आवाजाचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. शेवटपर्यंत दाबत गेली, पडद्यावरची रेघ भरेपर्यंत. आणि मग सावकाश, मोजून ठेवावं तसं, बोट पुन्हा त्याच चित्रावर ठेवलं.

त्या दुपारी शेजारच्या जिनिंगमधले मजूर वेळेच्या आधीच डबे घेऊन उठले, असं मी सगळीकडे सांगतो.